गोलसमोरचं टक्कल

बागेतल्या माळ्याला सगळे हिरवळकाका म्हणत. मैदानाच्या कडेला कुणी नुसता बुटाची नाडी बांधायला वाकला, तरी काकांची शिट्टी वाजलीच म्हणून समजा. बागेच्या मधोमध असलेलं हे फुटबॉलचं मैदान वर्षानुवर्षं कुलपात होतं. क्लबची मंडळी कधीमधी येऊन सामना खेळत, एरवी मैदान काकांचं. गवताला पाणी घालायचं, ते कापायचं आणि कुंपणाबाहेरून टकामका बघणाऱ्यांना हाकलायचं, यात त्यांचं मजेत चाललं होतं.

मग पालिकेने बागांमधली मैदानं सगळ्यांना खुली करायचं ठरवलं. आधी तीन महिने बघायचं. गवत टिकलं तर कायमचं खुलं, नाहीतर पुन्हा कुलूप. काकांचं डोकंच फिरलं.

"वाटोळं होणार बघ मैदानाचं," ते जेवताना बायकोला म्हणाले.

"बरं बरं," म्हणत तिने भाजी वाढली.

पहिल्या सकाळी फाटकाशी बायकांचा घोळका हजर. लॉन्ड्रीवाली होती, औषधाच्या दुकानातली होती आणि त्यांच्या मागे डोक्याला रुमाल गुंडाळून काकांची स्वतःची बायको! दिवसभर शिलाई मशीनवर वाकून कंबर धरली म्हणून कुरकुरणारी.

"तू इथे काय करतेस?"

"गोलकीपर आहे मी. त्यात धावावं लागत नाही. उघडा ना अहो, किती वेळ उभं करता!"

काकांनी मुकाट्याने फाटक उघडलं.

दुसऱ्या महिन्यात गोलसमोर भलंमोठं टक्कल पडलं. सगळ्यांचे पाय तिथेच, त्यातून गोलकीपरबाई तर जागच्या हलत नसत. यावरचा इलाज काकांना पाठ होता. गोलचे खांब सुटे होते. अधूनमधून चार पावलं बाजूला सरकवले की झालं, गवताला उसंत मिळते. पण काका मूग गिळून बसले. टक्कल वाढू दे, कुलूप आपोआप परत येईल! गवताकडे बघून त्यांचा जीव तुटायचा, तरी ते हटले नाहीत.

एके सकाळी लॉन्ड्रीवालीने असा काही चेंडू हाणला, की बायकोने अंग झोकून दिलं आणि ती त्या उघड्या मातीवर धाडकन आपटली. काका हातातला पाइप टाकून धावले. ही बया चेंडू पोटाशी धरून आडवी पडलेली आणि खो खो हसतेय!

"अहो, अडवला मी! बघितलात ना?"

कोपर चांगलंच सोललं होतं. पण तिला असं हसताना काकांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याच दुपारी पालिकेचे साहेब पाहणीला आले. टकलापाशी उकिडवे बसून त्यांनी मातीवर हात फिरवला.

"काका, हे काही खरं नाही. लावू या का कुलूप? गवत तुमचं, तुम्ही म्हणाल तसं."

याच प्रश्नाची काका दोन महिने वाट बघत होते.

"कुलूप कशाला साहेब? गोल सरकवायचा राहिला माझ्याकडून. आजच सरकवतो. बी टाकलं की इथलं गवतही भरून येईल."

"नक्की? तुमच्या भरवशावर उघडं ठेवतोय."

"ठेवा, बिनधास्त ठेवा."

दुसऱ्या दिवशी कोपराला पट्टी बांधून बायको आली आणि बघतच राहिली. जुन्या जागी चारी बाजूंनी दोरी बांधलेली.

"अहो, माझा गोल कुठे गेला?"

"तिकडे लावलाय. तिथलं गवत सगळ्यात मऊ आहे. पडलीस तरी लागणार नाही."