बळी गेलेल्यांचे हक्क

नेपरव्हिलच्या लायब्ररीत मतदानाच्या रांगेत माझ्या पुढे एक काकू होत्या. अमेरिकेत त्या पहिल्यांदाच मत देणार होत्या. दर मिनिटाला मागे वळून पाहायच्या.

"कॉलेजात शिकतेस ना? मग हा शेवटचा प्रश्न मराठीत सांग गं," नमुना मतपत्रिका दाखवत त्या म्हणाल्या. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे येत नाही म्हणवेना. इथे उमेदवारांसोबत कायद्यातल्या बदलांवरही 'हो' की 'नाही' असं मत द्यायचं असतं; हा प्रश्न व्हिक्टिम्सच्या हक्कांचा होता. मी अडखळत म्हटलं, "गुन्ह्यात बळी गेलेल्यांना हक्क द्यायचे का, असं विचारलंय."

"मेलेल्यांना कसले हक्क, बाळा!" त्या हसल्या, आणि आत जाऊन 'नाही'वर खूण करून आल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकू, कोणाची वाट बघताय?"

"छे गं. दुकानात ज्याने मला मारलं, तो सुटलाय. मला कोणी कळवलंसुद्धा नाही. परवा ग्रोसरीत मागे वळले, तर हाच उभा!"

आरोपीला सोडण्याआधी अशा माणसांना कळवावं, हेच त्या प्रश्नात पुढे लिहिलेलं होतं. मी ते घरी वाचून आले होते. फक्त 'पीडित' हा शब्द मला आठवला नव्हता. ते सांगायला मी तोंड उघडलं, पण "घरापर्यंत सोबत येते, काकू," एवढंच म्हणाले.

"किती गुणी गं," म्हणत काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला.