तोडलेली लॉकपट्टी

गोडादऱ्यातला तो मोटरसायकल मेकॅनिक बोलायचा कमीच. चेन ज्यावर फिरते त्या मागच्या स्प्रॉकेटचे नट आवळले की पत्र्याच्या नव्या लॉकपट्टीचे कान छिन्नीने नटांवर वाकवायचा, म्हणजे नट ढिले होत नाहीत. जुनी पट्टी मात्र पकडीने तोडूनच फेकायचा. नवी पट्टी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची ही युक्ती, असं मला वाटायचं.

एकदा चिडून म्हणालो, "चांगली होती की! सरळ करून बसवायची."

"बसवली होती दादा, माझ्याच गाडीला. कान तुटला, नट सुटले, बारडोलीच्या रस्त्यावर चेन चाकात अडकली. धाकटा भाऊ चालवत होता. जागीच गेला."

त्याने हनुवटीनेच दुकानाबाहेरची गाडी दाखवली.

"तिला काहीच झालं नाही. रोज तिच्यावरच येतो मी."