बँक हॉलिडेचा निर्जळी उपास

प्रथम तारखा, नंतर जबाबदार व्यक्ती. नावे मी घेत नाही; ती उघड करण्याची पाळी समोरच्यांची आहे.

बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस: मी व माझी पत्नी सुमन यांनी नागपूर सोडले. त्याला आता चाळीस वर्षे होत आली. यंदाच्या मे महिन्यातील बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीतला शनिवार: चार मराठी पाहुणे इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील आमच्या गेस्टहाउसमध्ये उतरले. त्यापुढील रविवार, नाश्त्याची वेळ: ज्यासाठी हे लिहितो आहे ते घडले. जबाबदार: बेसिंगस्टोकचे आयटीतील एक जोडपे, त्यांच्याबरोबरचे ब्रॅकनेलचे दुसरे, माझ्या दोन लेखी पत्रांना लेखी उत्तर देण्याचे टाळणारे आपल्या इथल्या मराठी मंडळाचे कार्यवाह, आणि माझा मुलगा.

नागपूर स्टेशनवर वडील निरोपाला आले होते. आयुष्य गिरणीत गेलेला माणूस, बोलणे मोजके. गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून चार पावले चालत ते म्हणाले, "जिथं पानी मागतल्यावर आडनाव इचारत नाहीत, थे आपलं गाव समज." सामानात दोन बॅगा होत्या आणि सुमनच्या पांढऱ्या साडीत गुंडाळलेली बाबासाहेबांची तसबीर. हीथ्रोवर अधिकाऱ्याने ती उलगडायला लावली आणि विचारले, "फॅमिली?" मी "येस" म्हणालो. शपथेवर विचारले तरी तेच सांगेन.

पुढे मी लंडनच्या ईलिंगमध्ये कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागात नोकरी केली, सुमनने शाळेच्या किचनमध्ये. निवृत्तीनंतर आम्ही तिथले जोडघर, म्हणजे 'सेमी', विकून टेकडीच्या उतारावरचे हे जुने दगडी घर घेतले. पाहुण्यांसाठी चार खोल्या, मागे शेजाऱ्याच्या मेंढ्या, आणि ब्रेकफास्ट रूममध्ये, खिडकीसमोरच्या भिंतीवर, ती तसबीर. चिखलाचे वेलिंग्टन बूट आणि ओले कुत्रे घेऊन येणारे इंग्रज पाहुणे टोस्टबरोबर सुमनची सांबारवडी (आम्हा नागपूरकरांचा सांबार म्हणजे कोथिंबीर) केचप लावून खात आणि भिंतीकडे बघून विचारत, "युअर फादर?" एकानेही हातातला घास खाली ठेवला नाही. मला वाटले, वडिलांनी सांगितलेले गाव सापडले.

आपली माणसे मात्र कधी आली नव्हती. म्हणून मराठी बुकिंग आले तेव्हा सुमनने पडदे धुतले. बेसिंगस्टोकच्या बाई दारातच थबकल्या. "अय्या काकू, हा वास! सांबारवडी ना? अहो, मी पण नागपूरची. लंडनमध्ये सांबार म्हटलं की लोक इडली आणून ठेवतात!" सुमन इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. बाईंनीच बजावले, "उद्या नाश्त्याला हीच हं. टोस्टबिस्ट काही नको."

सकाळी सुमनने कोथिंबिरीच्या आठ जुड्या निवडल्या. चौघे खाली आले. बाईंनी खुर्ची ओढली, भिंतीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. आणि खुर्ची होती तिथे परत सरकवली.

"काकू, सॉरी हं, सांगायचंच राहिलं. आज आमचा उपास."

"चौघांचाही?" सुमनने विचारले.

"हो ना."

"मग केळी आहेत. दूध देते गरम करून."

"नको नको. निर्जळी आहे."

"घोटभर चहा?"

"काकू, निर्जळीला चहा कसा चालेल?" नवरा म्हणाला, आणि चौघे गाडीच्या किल्ल्या वाजवत निघून गेले.

मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती, प्रदोषही नव्हता. तासाभराने दूध आणायला फार्मशॉपवर गेलो, तर तिथल्या कॅफेत चौघे बसलेले: सॉसेज, बेकन, अंडी, बीन्स आणि चहाची मोठी किटली. नवऱ्याने मला पाहिले. लाजला नाही. काटा उंचावून म्हणाला, "काका! अहो, हिचं बीपी लो झालं. म्हटलं, सोडून टाकू."

"बेकननं?" मी विचारले.

"तुम्ही पण ना, काका!" हसण्यात चौघेही सामील झाले, अगदी उपासात झाले होते तसेच.

घरी आलो तेव्हा उरलेल्या वड्या सुमन शेजाऱ्याच्या कुत्र्याला घालत होती. एकेक करून, शांतपणे. त्या आठवड्यात बाईंचा रिव्ह्यू आला: व्ह्यू सुंदर, यजमान प्रेमळ, फक्त "डेकोर जरा न्यूट्रल ठेवावे." मुलाने तो वाचून फोन केला. ज्या पोराला मी बोट धरून त्या तसबिरीपुढे उभे केले, तो म्हणाला, "बाबा, वर तुमच्या बेडरूममध्ये लावा ना. बिझनेस आहे शेवटी." कार्यवाहांनी फोनवर दिलेले उत्तर अधिक सुसंस्कृत होते: "काका, जातबीत तिकडेच राहिली. इथे आपण सगळे एक कुटुंब. उपास ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब."

जूनमध्ये आणखी एक मराठी बुकिंग आले. मी बाजारातून परतलो तर ब्रेकफास्ट रूमच्या भिंतीवर फिकट चौकोन होता. जी स्त्री ती तसबीर आपल्या साडीत गुंडाळून समुद्रापार घेऊन आली, तिनेच ती उतरवली होती, आणि त्याच साडीत गुंडाळून कपाटात ठेवली होती. मी लावायला गेलो तेव्हा तिने माझा हात धरला. "राहू द्या. पुन्हा कोणाचा उपास बघायची ताकद नाही माझ्यात." तेव्हापासून तिने सांबारवडी केलेली नाही. इंग्रज पाहुणे मागतात. ती कोथिंबीर मिळत नाही म्हणून सांगते. मागच्या वाफ्यात कोथिंबीर गुडघाभर वाढून फुलावर आली आहे.

घर म्हणजे काय, असे मंडळाच्या या अंकात सर्वांना विचारले गेले आहे. माझ्यापुरते उत्तर असे: घर म्हणजे जिथली भिंत पाहुणा येण्याआधी तपासावी लागत नाही ती जागा. नागपुरात ते नव्हते. इंग्रजांच्या मुलखात काही वर्षे होते. ते आपल्याच माणसांनी एकाच सकाळी काढून घेतले, तेही ताटाला हात न लावता.

सबब, मागणी. मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात, ईलिंगच्या हॉलमध्ये, मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि तसबीर माझ्या मांडीवर असेल. वर निर्देशिलेल्या चौघांनी व्यासपीठावर यावे, माईक हाती घ्यावा आणि त्या रविवारी कोणती तिथी होती, कोणत्या देवाचा उपास होता, ते सर्वांसमक्ष सांगावे. कार्यवाहांनी शेजारी उभे राहावे. माझ्या मुलानेही यावे आणि ऐकावे. फोन, खाजगी निरोप, दिलगिरीचा केक यांपैकी काहीही स्वीकारले जाणार नाही.

त्यानंतर आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. तो माझा नाही, सुमनचा आहे. परवा सकाळी कोऱ्या भिंतीसमोर टेबल मांडता मांडता तिने मला विचारले, "अहो, तुम्ही एवढे कायद्याचे जाणकार. यांचा हा उपास सुटतो तरी कधी?"

मी तो प्रश्न शब्दशः इथे उतरवला आहे. उत्तर तुम्ही द्या, जाहीरपणे.