शेवळांचा रस

माझं पोट गेली अकरा वर्षं जळतंय, आणि या अकरा वर्षांत ज्याला म्हणून तोंड आहे त्याने मला त्यावर उपाय सांगितला आहे. किन्हवलीच्या जाऊबाई ओवा आणि पादेलोण घ्यायला लावतात. मुलगी कल्याणला असते, ती फोनवरून सफरचंदाचं व्हिनेगर घ्यायला सांगते. मी विचारलं, ते काय असतं, तर म्हणाली, "आई, तू काही ट्रायच करत नाहीस." देवळातल्या भजनी मंडळात तर माझ्या पोटावर अभंगापेक्षा जास्त वेळ जातो.

शेजारणीने एकदा सांगितलं, बेंबी सरकली आहे. दुपारी चार वाजता, मी नुकतीच जेवून उठले होते, तिने मला घोंगडीवर उताणी निजवलं, बेंबीवर पिठाचा दिवा ठेवला, पेटवला आणि वर तांब्या उपडा घातला. दिवा विझला आणि तांब्याने माझं पोट जे धरलं ते सोडेचना. अर्धा तास मी पोटावर तांब्या घेऊन छताकडे बघत पडले. शेवटी उलथन्याची कड घालून तो काढला. पोटावर पंधरा दिवस लाल चकती होती. जळजळ होती तिथेच राहिली. शेजारीण म्हणते, बेंबी बसली होती, मीच नंतर हंडा उचलला.

हसायला काय जातं. पण मला भीती वाटते, हे लिहूनच टाकते. माझी आई याच पोटाने गेली. तिचंही असंच जळायचं, तिलाही गावाने सगळं पाजलं, आणि एका सकाळी मोरीत रक्ताची उलटी होऊन ती तिथेच बसली ती उठली नाही. शहापूरच्या डॉक्टरने मला तपासलं तेव्हा तो म्हणाला, अल्सर असावा, महिनाभर गोळ्या घ्या, मग दुर्बिणीने बघू, आणि शौच काळं झालं तर एक दिवसही थांबू नका. तेव्हापासून रोज सकाळी मी आधी ते बघते. निघताना त्याने मोबाइलवरची नजर न काढता सांगितलं, वेळेवर जेवत जा. मी म्हटलं, मी रोज ठरलेल्या वेळेलाच जेवते. तो बरं म्हणाला.

त्या गोळ्यांनी खरोखर बरं वाटत होतं. तेवढ्यात आमचे हे रिटायर झाले.

कारखान्यात तीस वर्षं फर्स्ट शिफ्ट केलेल्या माणसाला रिकामं बसायची सवय नसते. एका ओळखीच्याने त्यांना मुरबाडच्या बाजूला एका फार्महाऊसवर सात दिवसांच्या निसर्गोपचार शिबिराला नेलं. गेला तो माझा नवरा होता, परत आला तो तिथल्या गुरुजींचा शिष्य. पांढरा कुर्ता, हातात वही, आणि तोंडात एकच वाक्य, "अग्नी लागला का अन्न मेलं." चुलीवर भात शिजला की हे त्याच्याकडे असं बघायचे की जणू मी कुणाची तरी तिरडी बांधते आहे.

शिबिरात त्यांना सकाळी काय द्यायचे, तर पेज. ती शिजवल्याशिवाय होत नाही, पण ते काही वहीत नव्हतं. मातीच्या वाडग्यात, वर कोथिंबिरीचं पान. हे मला कौतुकाने सांगत होते. याच माणसाने नोकरी लागल्यावर आपल्या आईला सांगितलं होतं की पाहुण्यांसमोर पेज काढू नको, लाज वाटते. म्हातारी मग मागच्या दाराशी बसून प्यायची. आता तीच पेज परक्या माणसाला पैसे देऊन प्यायला मिळाली तेव्हा तिच्यात गुण आले.

स्वतःपुरतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण शिष्याला रोगी लागतो, आणि घरात दुसरी मीच. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या गोळ्यांची पाकिटं उचलून कपाटावर ठेवली. "इष हाय ते," म्हणाले. मी गप्प राहिले. मला माझाच सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. भांडण नको म्हणून मी माझं पोट त्यांच्या हाती दिलं. मग सकाळी दुधीचा रस, दहा वाजता कोहळ्याचा, पोटावर ओल्या मातीची पट्टी, एकादशीला नुसतं नारळपाणी. प्रत्येक रसानंतर मिक्सर धुवायचा, चोथा गुरांना टाकायचा. मोड आलेले मूग, किसलेलं गाजर, चिरलेली काकडी, त्यांचं ताट साडेबाराला तयार हवं. ते जेवून लवंडले की भांडी, मग त्यांचा तीन वाजताचा काढा, मग मी. आणि रात्री जळजळ घशापर्यंत यायची. ते वही उघडून सांगायचे, "इष भायेर पडतंय, चांगलं लक्षण हाय."

जून लागला आणि शेवळं आली.

इकडची नसतील त्यांच्यासाठी सांगते. शेवळं म्हणजे रानातल्या सुरणाचे कोंब, बोटभर लांबीचे, तपकिरी. वर्षातून पंधरा-वीस दिवस मिळतात, डोंगरावरच्या पाड्यांतल्या बाया टोपलीतून आणतात. भाजी अशी होते की मटण बाजूला ठेवावं. पण शेवळं नुसती खायची नसतात. त्यांना भयंकर खाज असते. म्हणून प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं मिळतात, लहान, हिरवी, आंबट फळं. त्यांचा रस घालून शेवळं चांगली शिजवायची, तेव्हा ती घशाखाली उतरतात. हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. आमच्या शेणवे गावात जन्मलेल्या पोराला हे दात यायच्या आधी ठाऊक असतं, आणि आमचे हे शेणव्यातच जन्मले.

त्या दिवशी अकराच्या सुमारास नेहमीची भाजीवाली आली. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल, दरवर्षी तीच येते. मी दोन जुड्या घेतल्या, काकडं वेगळी बांधून घेतली, आणि मागे विहिरीवर गेले. परत आले तर मिक्सरचा आवाज. ओट्यावर दोन पेले, त्यात चिखलाच्या रंगाचा काहीतरी रस. काकडं खिडकीतून बाहेर उकिरड्यावर पडलेली.

"अहो, शेवळं हायत ती," मी म्हटलं.

"म्हाईत हाय मला. गुरुजींनी सांगितलंय, डोंगरातली भाजी कच्चीच घ्यायची. सगळी ताकद तितंच हाय."

"काकडं का फेकली?"

"पित्ताला आंबट चालत नाय. तुझ्यासाठीच फेकली."

हे सगळं वहीत बसत होतं, बघा. आंबट पित्ताला वाईट, शिजवलेलं मेलेलं, रानातलं उत्तम. साठ वर्षं प्रत्येक जूनमध्ये खाल्लेली भाजी मात्र त्यांच्या जिभेला आठवली नाही. त्यांनी माझा पेला पुढे केला. मी म्हटलं, मी मेले तरी पिणार नाही.

"तू कदी सुदरायची नायस," ते म्हणाले, आणि मला दाखवायला स्वतःचा पेला एका दमात रिकामा केला.

खोटं कशाला सांगू, त्यांचं तोंड वाकडं झालं तेव्हा मला आधी हसू आलं. मग ते दोन्ही हातांनी जीभ पुसायला लागले. ओठ सुजले, लाळ गळायला लागली, आवाज गेला. ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होते आणि घशातून नुसती घरघर येत होती, तेव्हा हसू पळालं. भाजीवाली शेजारच्या पायरीवर होती. माझी हाक ऐकून ती धावत आली, एकदा पेल्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि टोपलीतली उरलेली काकडं ठेचून त्यांना त्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या.

"घरात येडी मानसं हायत का गो तुज्या?" ती म्हणाली. "ह्याला दवाखान्यात ने. घसा सुजला तं दम अडकंल."

घर उघडंच टाकून मी रिक्षा केली. शहापूरला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, तीन तास ठेवून घेतलं. काय प्यायलात, विचारलं. यांना बोलता येत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. तो आमच्याच बाजूचा असावा, शेवळं त्याला ठाऊक होती. त्याने पेन खाली ठेवून यांच्या पांढऱ्या कुर्त्याकडे बराच वेळ बघितलं.

परत आलो तेव्हा चार वाजायला आले होते. भाजीवाली आमच्या पडवीत बसून होती. एसटी पाचची, आणि घर उघडं म्हणून ती तिथेच थांबली होती. यांना खाटेवर निजवलं. ओठ भज्यासारखे फुगलेले, तोंडातून शब्द नाही. किती तरी दिवसांनी घरात कुणी उपाय सांगत नव्हतं. मी तिला पाणी दिलं आणि टेकले. पोटात आग पडली होती, मी हाताने दाबून धरलं.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"पोट जळतं. जुनं हाय."

"जेवलीस कवा?"

"आता बसन. माझा हाच टाइम, रोजचा. साडेतीन, चार."

"सकाळच्यानं काय नाय खाल्लं?"

"चहा. आनि रस."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या चांगल्या साडीकडे, चष्म्याकडे, मग पोटावरच्या हाताकडे. आणि हसली. त्या हसण्यात माया बिया काही नव्हती. मी सकाळी यांना हसले तशीच ती मला हसली.

"मंग जळंल नाय तं काय करंल? आमी डोंगरावरनं उतरायच्या आदी भाकर खातो, मंग टोपली उचलतो. तुला कुनी बांधून ठेवलंय का?"

 यांची शिफ्ट सुटून ते साडेतीनला घरी यायचे, म्हणून मी थांबायची. नवी नवरी असताना सासूने सांगितलं होतं, मग सवय झाली. शिफ्ट संपली, रिटायर होऊन वर्ष झालं, ते साडेबाराला जेवून घोरायला लागले, आणि मी तरी साडेतीनलाच जेवत होते. डॉक्टरला मी ठसक्यात सांगितलं होतं, ठरलेल्या वेळेला जेवते म्हणून. लोकांच्या अकलेला हसण्यात अकरा वर्षं गेली माझी.

ती एसटीला गेल्यावर मी ताट वाढून घेतलं आणि आई आठवली. आई जेवायची कधी, हे मी आठवायला बसले. ती वाढताना आठवते, चुलीपुढे आठवते, भांडी घासताना आठवते, मोरीत बसलेली तर रोजच आठवते. जेवताना आठवत नाही. मी तिला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मी ताटावर खूप रडले, आणि मग सगळं जेवले.

दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन कपाटावरच्या गोळ्या खाली काढल्या, माझ्या डॉक्टरकडे जाऊन कुठलाही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि दुर्बिणीची तारीख घेतली. दुपारी बाराला पडवीत पाट मांडून स्वतःचं ताट वाढलं. भात, डाळ, आणि राहिलेल्या जुडीची शेवळं, उकिरड्यावरून वेचून धुतलेली काकडं घालून नीट शिजवलेली. हे आतून आले, उभे राहिले.

"माझं?" घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"टोपात हाय. वाढून घ्या."

त्यांना टोप कुठे असतो हे शोधायला वेळ लागला, पण सापडला. मेलेला भातच वाढून घेतला त्यांनी, आणि मुकाट्याने समोर येऊन बसले.  तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"काय करतेस, आई?"

"जेवतेय."

 ती घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "आत्ता? बारा वाजता? आई, तुला बरं नाही का?"