तीन मिनिटांत शंभर फेऱ्या

माझ्या थोरल्या भावाने चौतीस वर्षं एका शिलाई कारखान्यात मशिनं दुरुस्त केली. दोनशे मशिनं आणि दुरुस्तीला हा एकटा. त्याचा एकच नियम होता, एकदा हातावेगळं केलेलं काम परत टेबलावर येता कामा नये. म्हणून तो सगळंच जरा जास्त मजबूत करायचा. एक स्क्रू पुरे असेल तिथे दोन, एकपदरी दोरा चालत असेल तिथे दुपदरी. आईच्या चष्म्याची काडी त्याने अशी काही बसवली की पुढे काच फुटली, काडी जागची हलली नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने भंगारवाल्याकडून एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणला. मग दुसरा आणला. मग वहिनीने मोजणंच सोडलं.

"पाहुणा आला तर बसवू कुठे, सांग," ती मला म्हणायची. "एकेका खुर्चीवर एकेक म्हातारा बसलाय. आणि तुझा भाऊ माझ्यापेक्षा त्यांच्याशी जास्त बोलतो."

"ते उलट बोलत नाहीत ना," दादा आतून म्हणायचा.

मी जवळच राहते, त्यामुळे दुपारी त्याचं काम बघत बसायचे. मशीन उघडण्याआधी तो हात स्वच्छ धुऊन यायचा आणि क्षणभर डोळे मिटायचा. देवधर्माचं त्याला फारसं नाही, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाला, "कुणीतरी डोकं लावून बनवलंय हे. आत हात घालायच्या आधी त्याला विचारावं." मला तेवढं पुरलं. मी रोज सकाळी हात जोडते ते काय वेगळं असतं?

गल्लीच्या टोकाला गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहत होत्या. वय ऐंशीच्या घरातलं. विशीत असताना चौघी गाणाऱ्यांची मिळून एक रेकॉर्ड निघाली होती, त्यात त्यांचं एक गाणं होतं. तेवढंच. पुढे पुन्हा योग आला नाही. घरातला रेकॉर्ड प्लेअर वीस वर्षं बंद पडलेला, आणि आता त्या दूरच्या गावी लेकीकडे कायमच्या निघाल्या होत्या.

त्या दादाकडे आल्या आणि म्हणाल्या, "जाण्याआधी एकदा माझा आवाज ऐकवाल? कसा होता, तेच आठवेनासं झालंय. तिकडे गेल्यावर कोण करून देणार?"

"ऐकवतो," दादा म्हणाला.

तीन आठवडे तो बाईंच्या त्या एका मशीनवर होता. मधल्या दांड्याचं ग्रीस वाळून चिकट गोंदासारखं झालं होतं. ते त्याने काडीला कापूस गुंडाळून पुसून काढलं. काढलेला प्रत्येक भाग डब्यांच्या झाकणांत ओळीने मांडलेला, आणि त्यांच्या आसपास केरसुणी फिरवायची वहिनीला बंदी. सुईच्या दांड्यामागचं वजन हरवलं होतं, तिथे शिलाई मशीनच्या दोन बॉबिनी बसवल्या. रेकॉर्ड ठेवायची थाळी फिरवणारा रबरी पट्टा तुटून गेला होता म्हणून दुसऱ्या प्लेअरचा तात्पुरता चढवला आणि वेग तपासला. त्याची रीत सोपी होती. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवायची आणि घड्याळ समोर ठेवून मोजायचं. तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या झाल्या पाहिजेत. झाल्या.

शेवटी बाईंसाठी नवा पट्टा केला. मोठ्या गाडीच्या ट्यूबमधून अखंड कडं कापलं, चांगलं जाडजूड. "तिकडे दुरुस्त करणारं कुणी नाही," तो मला म्हणाला. "हा त्यांच्या नातवंडांनाही पुरेल."

उद्या टेम्पो येणार, अशा दिवशी दुपारी आम्ही बाईंकडे गेलो. खोक्यांवर खोकी रचलेली. लेक न्यायला आलेली, ती एका खोक्यावर, वहिनी आणि मी दुसऱ्यावर. दादाने रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली. बारीक खरखर झाली आणि मग आवाज आला. इतका स्वच्छ की माझ्या अंगावर काटा आला.

बाईंनी पहिल्या ओळीला सोबत गुणगुणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकलं.

"गोड गाते हो मुलगी," गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या. "कोण आहे ही?"

लेक हसली, वहिनीही हसली. दादा हसला नाही.

"बाई, तुम्ही गुणगुणायला लागून का थांबलात?"

"अहो, वय झालं. इतकं सुंदर केलंत तुम्ही. राहू दे."

"खरं सांगा."

"माझी पट्टी नव्हे ही. मी इतक्या वर कधी गायले नाही."

"आई, साठ वर्षांनी काय आठवणार तुला?" लेक म्हणाली. "केवढी मेहनत घेतलीय त्यांनी!"

दादाने थाळीच्या कडेला चिठ्ठी लावली, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि मोजायला लागला. तीन मिनिटं झाली.

"एकशे पाच," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. "बाईंचं बरोबर आहे. चूक माझी. पट्टा जाड केला, म्हणून थाळी पळतेय आणि आवाज वर चढतोय. आणि तो बदलल्यावर मी पुन्हा मोजलंच नाही."

"मग तो आधीचा, दुसऱ्या प्लेअरचा लावा की," वहिनी म्हणाली.

"तो उन्हाने चिरलाय. टेम्पोतच तुटेल." मग माझ्याकडे वळून, "जा, काचपेपर घेऊन ये. आणि कपाटावरचा तो गोल डबा."

मी धावत जाऊन आणलं. पट्टा डब्यावर ताणून चढवला. वहिनी डबा फिरवू लागली आणि दादा वरून काचपेपर धरून बसला. थोडं घासायचं, पट्टा लावायचा, मोजायचं, पुन्हा काढायचा. एकशे चार. एकशे दोन. वहिनीची साडी काळ्या भुकटीने भरली.

"लग्नात सांगितलं असतंत तर डबा फिरवायची सवय करून आले असते," ती म्हणाली, पण हात थांबवला नाही.

पाचव्यांदा मोजताना आम्ही सगळेच मोठ्याने मोजत होतो, बाईसुद्धा. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, त्यामुळे माझे आकडे चुकले. बाईंचे चुकले नाहीत. शंभर.

सुई टेकली. तीच खरखर, पण आवाज आता जरा खाली उतरला होता, भरीव झाला होता. पहिल्या ओळीवर बाईंनी सूर धरला आणि या वेळी सोडला नाही. त्यांचा म्हातारा, कापरा आवाज त्या तरुण आवाजाच्या शेजारी शेवटपर्यंत चालत राहिला. लेकीने आईचा हात धरला होता.

"हीच," बाई म्हणाल्या. "सापडली."

दादा पट्ट्याकडे बघत होता. "आता हा फार तर दीड-दोन वर्षं टिकेल," तो कसनुसा होऊन म्हणाला. "तुटला की टाकू नका, पाकिटात घालून पाठवा. त्याच मापाचा नवा करून देतो."

मागच्या महिन्यात पाकीट आलं. आत तुटलेला पट्टा आणि चार ओळी. नात ते गाणं शिकतेय, पट्टा लवकर पाठवा.

दादाने तुटक्या पट्ट्याची जाडी तीनदा मोजली, हात धुऊन आला आणि डोळे मिटून बसला.

"चौतीस वर्षांत कधी परत आलं नव्हतं काम," वहिनी मला हळूच म्हणाली. "आणि आता आलं तर तोंड बघ त्याचं! जसं काही बक्षीसच आलंय." मग पदर खोचून तिनेच गोल डबा खाली काढला.