तांदूळ वाढले

आमच्या सासूबाईंच्या तोंडी 'संपलं' हा शब्द कधी यायचा नाही. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. तेल वाढलं, मीठ वाढलं. संपलं म्हटलं की घराला ऐकू जातं आणि घर खरंच संपायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. नवी नवरी असताना मी एकदा "आई, साखर संपली" म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

तीस वर्षं त्या एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कोठी सांभाळायच्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, केसांत खोचलेली पेन्सिल. त्यांच्या सहीशिवाय मिठाचा खडा हलायचा नाही. एकदा नवे साहेब आले. लहानपणापासून वसतिगृहात वाढलेले, घरातलं बोलणं कानावर न पडलेले. त्यांनी विचारलं, "साखरेची काय स्थिती?" या म्हणाल्या, "वाढली, साहेब." साहेब खूश. काटकसरीबद्दल यांना शाबासकी दिली, साखरेची नवी मागणी खोडली, आणि दुसऱ्या दिवशी दोनशे रुग्ण बिनसाखरेचा चहा प्यायले. हा किस्सा सासूबाई स्वतःच साहेबांची नक्कल करून सांगायच्या. तुम्हीही तो जरा लक्षात ठेवा.

नवरा माझा वेल्डर. परदेशात नोकरी लागली म्हणून तो आधी एकटा गेला. तिथेच जन्मलेला त्याचा एक चुलतभाऊ आहे, एका कंपनीत हिशेबनीस. मराठी वाचतो, पण अगदी पुस्तकातलं. घरखर्चाचं बजेट त्याच्याकडे सोपवलं. एका पगारात भाडं, लेकीची शाळा आणि किराणा बसवायचा. चौघांचा किराणा बसला तर आम्ही तिघींनी जायचं. नाही बसला तर मी आणि लेकीने आधी जायचं, आईंनी मागाहून, तोवर त्यांनी नणंदेकडे राहायचं. मागाहून म्हणजे कधी, ते कुणी बोललं नाही. नणंदेचं घर दोन खोल्यांचं, त्यात तिची सासू अंथरुणाला खिळलेली. सासूबाईंनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि डाळ निवडत बसल्या. त्या दिवशी डाळ दोनदा निवडून झाली.

आठवड्याभरात हिशेबनिसाचा तक्ता आला. जिन्नस, महिन्याची खरेदी, महिनाअखेरची शिल्लक, अशी तीन घरं. खालच्या दुकानातून मी छापून आणला. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि अर्ध्या तासात सगळा भरला. शिल्लकेच्या घरात ओळीने लिहिलं होतं, तांदूळ वाढले. डाळ वाढली. तेल वाढलं. पीठ वाढलं.

मी म्हटलं, "आई, त्याला कळेल का हे?"

"का? मराठी आहे ना तो?" एवढं बोलून त्यांनी पेन्सिल केसांत खोचली.

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. खरं सांगायचं तर परक्या मुलखात मी कामावर गेल्यावर घर कोण बघणार, हा माझा स्वार्थ होता. आणि त्यांच्यावर माझा जीव होता, तेही सांगून टाकते. लेकीने तक्त्याचा फोटो काढला आणि थेट हिशेबनिसाला धाडला.

त्याचं उत्तर दोन दिवसांत आलं. या घरात दर महिन्याला माल उरतो, म्हणजे खरेदीच जास्त होते, म्हणून पाव हिस्सा कापला आहे. आता चौघांचं आरामात बसतं. नवऱ्याने नुसता आकडा पाहिला आणि आमची तीन तिकिटं काढली.

नवीन घर तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिलो की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात दुकानातले खालचे कप्पे हेरले. डोळ्यांसमोर महाग, पायाशी स्वस्त, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. तरी कापलेला पाव हिस्सा कुठून भरून निघणार? त्यात हिशेबनीस एकटा राहणारा, आठवड्यातले चार दिवस आमच्याकडेच जेवायला. 'वाढा' या शब्दाचा त्याला एकच अर्थ ठाऊक होता आणि तो ताट पुढे करून सांगायचा.

बावीस तारखेला आम्ही सगळे जेवायला बसलो आणि भात पुरला नाही. नवरा उठून डबा बघून आला.

"आई, अजून आठ दिवस आहेत. तांदूळ कुठे गेले?"

"वाढले."

हिशेबनिसाचा घास हातातच राहिला. त्याने फोन काढला, तक्ता उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला. "काकू, म्हणजे हे सगळं..."

"वाढलं होतं. लिहिलंय की."

नवऱ्याला साहेबांचा किस्सा माझ्याइतकाच पाठ. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भांड्याला चिकटलेली शितं खरवडायला घेतली.

"आई, तू मुद्दाम केलंस. खरं काय ते लिहायचं ना."

"खरं लिहिलं असतं तर तिघांचंच बसलं असतं," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हातातली वाटी मात्र खाली ठेवली. "आणि याने तरी पाचवं तोंड कुठल्या घरात लिहिलं होतं?"

लेक फिसकन हसली. हिशेबनीस कानापर्यंत लाल झाला. नवरा उठून हात धुऊन आला. मग म्हणाला, "मी शनिवारची जादा पाळी घेतो. नाहीतरी विचारत होते." हिशेबनीस म्हणाला, महिन्याचे तांदूळ माझ्याकडे. दोघं लगेच पिशव्या घेऊन निघाले.

दाराशी हिशेबनीस थबकला. नवा शब्द वापरून बघायची त्याला घाई झाली होती. "काकू, साखरपण वाढली का?"

सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं.

"संपली रे," त्या म्हणाल्या. "येताना घेऊन ये."