कडावच्या वरची माती

पाचव्या दिवशी पाऊस उघडला आणि मी रजा टाकून कर्जतहून कडावची एस्टी धरली. तेव्हा मी शेतीखात्यात नवाच होतो. उन्हाळ्यात मी कडावच्या महादू शेतकऱ्याच्या मागेच लागलो होतो, की वरकसावर (डोंगरउताराची हलकी जमीन) यंदा नांगर घालू नकोस. नाचणीची जुनी धसकटं राहू दे, उताराला आडव्या रेघा ओढ आणि त्यांतच रोपं लाव. त्याचा भाऊ गणपत हसला आणि त्याने आपलं वरकस नेहमीसारखं वरून खाली नांगरलं. दोघांची भातखाचरं वरकसाच्या पायथ्याशीच. वरची माती सुटली तर वर्षाचा भात तिच्याखाली जाणार.

शेजारी बसलेल्या म्हातारबाबांनी सहज सांगितलं, "कडावला डोंगराकडचं एक खाचर गाडलं म्हनं."

"कुणाचं?"

"ते काय ठावं नाय."

कडावला उतरून बांधाबांधाने निघालो. दोन्हीकडे भात पोटरीपर्यंत आला होता, डोंगरावरून पांढरे ओहोळ उतरत होते. पण माझं लक्ष पायांखालीही नव्हतं. घसरलो तो थेट खाचरात. एक चप्पल चिखलानेच ठेवून घेतली, दुसरी मी बांधावर सोडली.

"अगं बाई! सायेब, ह्ये काय झालं?" महादूची बायको सखू तण बेणता बेणता उभी राहिली.

"भात कसा आहे?"

"हाय की! तुमी हुबे हाव त्यो आमचाच."

वर चढून गेलो. धसकटांच्या ओळींत पालापाचोळा अडकला होता, त्यामागे माती जागच्या जागी. महादू म्हणाला, "पानी गेलं सायेब, माती नाय गेली." मी तिथेच ओल्यात बसलो. सखूने नाचणीची भाकरी आणि कुर्डूची (पावसाळी रानभाजी) भाजी पुढे केली. इतकी चवीची भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही.

खाताना खाली गणपत दिसला. तांबड्या गाळात एकटाच फावडं मारत होता. आम्ही उतरलो. त्याने मान वर केली नाही. "पुढल्या साली माज्याकडं बी याल का, सायेब?"

"येईन."

महादूने त्याच्या हातातलं फावडं घेतलं. संध्याकाळपर्यंत आम्ही चौघांनी मिळून खाचराचा एक कोपरा मोकळा केला. बाकीचा भात गेलाच.

परतीच्या एस्टीत अंगाला गाळ होता आणि मन कितीतरी हलकं. तरी एक गोष्ट लिहायलाच हवी. येताना वाटभर मी मनात म्हणत होतो, ते खाचर दुसऱ्या कुणाचं असू दे. ते दुसऱ्याचंच निघालं, आणि त्या दुसऱ्याने मला जाताना बांधापर्यंत हात धरून पोचवलं.